नाताळचा बाजार नाताळात भरत नाही

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. जर्मनीतले ख्रिसमस मार्केट बघायचे आहेत. मुलाच्या शाळेला २४ डिसेंबरपासून सुट्टी, म्हणून २३ च्या रात्री निघून २ जानेवारीला परत. म्युनिक, रोथेनबुर्ग, न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन, बर्लिन, कोलोन अशी सहा शहरं यादीत आहेत. त्यांना विचारायचंय की सगळ्यात चांगला बाजार कुठला, सासूबाई खातील काय, थंडी सोसेल का, आणि मुलाला कंटाळा येईल का.

तिकिटं काढली नसतील तर काढू नका. तुम्ही २४ ला दुपारी म्युनिकला उतराल तेव्हा बाजार उठत असेल. रोथेनबुर्गचा आदल्या दिवशीच उठलेला असेल, कोलोनच्या कॅथीड्रलसमोरचाही २३ लाच संपतो. न्यूरेंबर्ग आणि ड्रेस्डेनचे मोठे बाजार २४ ला दुपारी बंद होतात. म्हणजे सहापैकी पाच शहरांत या मोठ्या बाजारांच्या जागी तुम्हाला रिकामे चौक दिसतील. बर्लिनमधले काही बाजार वर्षअखेरीपर्यंत चालतात, एवढा दिलासा.

मी हे ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तीही चौदा माणसं बरोबर घेऊन. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले होते, भाषा यायची, म्हणून सगळंच कळतं असा समज होता. पहिल्याच हिवाळी सहलीत २४ डिसेंबरला दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही न्यूरेंबर्गच्या हाउप्टमार्क्टवर, म्हणजे बाजार भरतो त्या मुख्य चौकात पोचलो. एक बाई बदामाची तांब्याची कढई कागदानं पुसत होती. समोरचा माणूस दुकानाचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड खिळ्यांवरून सोडवून गुंडाळत होता. माझ्या गटातल्या एका काकांनी त्याला घड्याळ दाखवून खुणेनं विचारलं, "किती वाजता उघडणार?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी." मला भाषांतर करावं लागलं. त्या संध्याकाळी हॉटेल बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही स्टेशनवरच्या बेकरीतून पाव आणले आणि माझ्या खोलीत बसून मेतकूट आणि लसणाच्या चटणीबरोबर खाल्ले. २५ आणि २६ ला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे पुढचे दोन दिवसही तसेच गेले.

आपली गफलत कुठे होते? आपल्याला वाटतं ख्रिसमसचा बाजार म्हणजे ख्रिसमसची जत्रा. खरं तर ती सणाआधीची खरेदी आहे. आपल्याकडे गणपतीआधी मूर्ती, मखर, तोरणांचे स्टॉल लागतात आणि चतुर्थीला दुपारी तिथे थर्माकोलचे तुकडे उडत असतात, तसंच. २५ डिसेंबरच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला ॲडव्हेंट म्हणतात. घरोघरी चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं असतं, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवून पेटवतात. बाजाराचा काळ हाच. पहिला ॲडव्हेंट रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेतरी येतो. त्याच्या आधीचा रविवार प्रोटेस्टंट पंथात मृतांच्या स्मरणाचा, त्यामुळे बरेच बाजार तो दिवस टाळून नंतर सुरू होतात. न्यूरेंबर्गचा बाजार पहिल्या ॲडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो.

तर तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

तारखा हलवता येत नसतील तर जर्मनी सोडा आणि प्राग, व्हिएन्ना, साल्झबुर्ग करा. प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो. साल्झबुर्गच्या कॅथीड्रलजवळचा १ जानेवारीपर्यंत. व्हिएन्नात टाउन हॉलपुढचा मोठा बाजार २६ ला उठतो, पण शोनब्रुन राजवाड्याच्या अंगणातला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू असतो, आणि मला तोच जास्त आवडतो. मात्र २५ नंतर या बाजारांचा नूर बदलतो. गिऱ्हाईक बहुतेक पर्यटक असतात, विकणाऱ्यांचे डोळे थकलेले असतात. छान दिसतं सगळं, फोटो उत्तम येतात, पण सण होऊन गेलेला असतो.

तारखा हलत असतील तर मुलाची शाळा आठवडाभर बुडवा आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. चौथीच्या मुलाचं आठवड्यात काही बिघडत नाही, हे मी दोन मुलांची आई म्हणून सांगते. शाळेला अर्ज लिहायचं काम मात्र नवऱ्याला द्या. पुढचं सगळं उत्तर तुम्ही हा दुसरा रस्ता धरला आहे असं समजून लिहिते.

सहा शहरं नकोत. दोन घ्या: न्यूरेंबर्ग आणि ड्रेस्डेन. पहिल्यात तीन मुक्काम, दुसऱ्यात चार. म्युनिकला उतरून न्यूरेंबर्गला जलद रेल्वेनं तासा-सव्वा तासात पोचता. न्यूरेंबर्ग ते ड्रेस्डेन गाडी बदलून साडेतीन ते साडेचार तास. परतीला ड्रेस्डेनहून बर्लिन दोन तास किंवा प्राग अडीच तासांच्या आत, विमान जिथून स्वस्त मिळेल तिथून घ्या. "एवढ्या लांब जाऊन फक्त दोनच शहरं?" असं नातेवाईक विचारतील, मलाही दर वर्षी विचारतात. पण डिसेंबरात तिथे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. सकाळी बॅगा भरा, गाडी पकडा, हॉटेल शोधा, की दिवस संपला. बाजार एकाच दिवसात दोनदा बघायचा असतो, सकाळी आणि संध्याकाळी. त्यासाठी बिऱ्हाड जवळ हवं.

सकाळी अकराला गर्दी नसते. दुकानदार बोलतात, वस्तू हातात घेऊ देतात, सासूबाईंना प्रत्येक गोष्टीची किंमत विचारता येते. मग जेवून हॉटेलवर जाऊन पाठ टेकायची. चारला परत यायचं, कारण उजेड जाण्याच्या त्या अर्ध्या तासात आकाश गडद निळं असतं आणि खाली दिवे लागलेले असतात. सहा-साडेसहानंतर ऑफिसं सुटलेली माणसं येतात आणि खांद्याला खांदा लागतो, तेव्हा तुम्ही निघालेलं बरं. आपल्याला याचा त्रासही होत नाही. हिवाळ्यात भारताची वेळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस तुम्ही पहाटे चारला टक्क जागे आणि रात्री आठला पेंगुळलेले असाल. मंगळवार ते गुरुवार हे दिवस बाजारासाठी धरा. शनिवारी मोठ्या बाजारात पाऊल टाकू नका.

न्यूरेंबर्गचा बाजार स्वतःला "लाकूड आणि कापडाचं छोटं गाव" म्हणवतो, आणि ते खरं आहे. सुमारे १८० दुकानं, सगळ्यांवर तेच लाल-पांढरं पट्ट्यांचं कापड. प्लॅस्टिकच्या माळांना बंदी, स्पीकरवरच्या गाण्यांनाही बंदी. या शांततेची आपल्याला इतकी सवय नसते की गटातले लोक पहिल्यांदा विचारतात, "लाइट गेले का?" १६२८ सालचा लेखी उल्लेख हा या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा मानतात. बाजाराचं उद्घाटन सोनेरी केसांचा टोप आणि सोनेरी-पांढरा झगा घातलेली एक मुलगी चर्चच्या सज्जातून करते. तिला क्रिस्टकिंड म्हणतात, म्हणजे बाळ येशूचं रूप. मार्टिन ल्यूथरच्या काळापासून प्रोटेस्टंट घरांत भेटवस्तू संत निकोलसऐवजी क्रिस्टकिंड आणतं. १६ ते १९ वयाच्या मुलींमधून दर दोन वर्षांनी तिची निवड होते. २०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय. त्यावरून जर्मनीतल्या एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेनं कुत्सित शेरा मारला आणि अख्खं शहर त्या मुलीच्या मागे उभं राहिलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी मात्र जाऊ नका, सासूबाई चेंगरतील. ती मुलगी पुढेही आठवड्यातून काही दिवस बाजारात येते, मुलांशी बोलते, तेव्हा भेटते.

त्याच चौकात फ्राउएनकिर्ख या चर्चच्या घड्याळाखाली दुपारी बाराला सात बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात. मुलगा खूश होईल. तिथून पाच मिनिटांवर मुलांचा वेगळा बाजार असतो, जुन्या पद्धतीचं गोल फिरणारं चक्र आणि छोटी आगगाडी असलेला.

न्यूरेंबर्गची घ्यायची गोष्ट म्हणजे लेबकूखन, मसाल्याचा मऊ केक-बिस्किटाच्या मधला प्रकार. मध्ययुगात हे शहर मसाल्याच्या व्यापारी वाटेवर होतं आणि भोवतीच्या जंगलात मध होता, म्हणून तो इथलाच. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री. डबा उघडला की दिवाळीत आपलं स्वयंपाकघर. एलिझनलेबकूखन असं लिहिलेलं घ्या, त्यात किमान पाव भाग सुकामेवा असावा लागतो आणि पीठ दहा टक्क्यांच्या वर चालत नाही. पण त्यात अंडं असतं, तेव्हा सासूबाईंना नाही.

आता सासूबाईंच्या पोटाकडे येते, कारण मला येणाऱ्या निम्म्या प्रश्नांत हेच असतं.

जर्मनमध्ये अंड्याला "आय" म्हणतात. "ओने आय" म्हणजे अंड्याशिवाय. सासूबाईंना हे शिकवा, हसतील आणि विसरणार नाहीत. "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय. एवढ्यावर थांबू नका, "ओने श्पेक" हेही विचारा. श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे, आणि त्याला तिथले बरेच लोक मांस न मानता फोडणी मानतात. "यात मांस नाही" असं मनापासून सांगून श्पेक घातलेली बटाट्याची भाजी वाढणाऱ्या प्रेमळ आज्या मी पाहिल्या आहेत.

निर्धास्त खाण्यासारखं: भाजलेले चेस्टनट, गरम कागदी पुडीत मिळतात, शिंगाड्यासारखे लागतात. साखर-दालचिनीत घोळवलेले बदाम. भट्टीत भाजलेला अख्खा बटाटा, वर दह्याच्या चक्क्यासारखं क्वार्क. हंगेरीहून आलेला लांगोश, म्हणजे यीस्टच्या पिठाचा तळलेला मोठा भटुराच, त्यावर लसूण, आंबट साय आणि चीज. पिठात अंडं नाही ना एवढं विचारून घ्या. ड्रेस्डेनला हांडब्रोट मिळतो, तो तर मी दिवसातून दोनदा खाते. चीज आणि मशरूम भरलेला पाव लाकडाच्या भट्टीतून काढून, जाड तुकडा कापून, वर आंबट साय घालून कागदावर देतात. हॅम भरलेलाही तसाच दिसतो, म्हणून बोट दाखवून "शॅम्पिन्योन" म्हणा. बटाट्याच्या किसाचे तळलेले वडे सफरचंदाच्या मुरंब्यासारख्या चटणीबरोबर सगळीकडे दिसतील, त्यांत बहुतेक ठिकाणी अंडं असतं. वॉफल आणि क्रेपचंही तेच.

घरून थेपले, मेतकूट आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर न्या. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी राहतात. तांदूळ, दही, दूध शनिवारीच आणून ठेवा.

पेयांचं सांगायचं तर ग्ल्यूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्र्याची साल घालून गरम केलेली वाइन. उकळत नाहीत, उकळली की दारू उडून जाते आणि लवंग कडवट होते. सासूबाई आणि मुलासाठी किंडरपुन्श मागा, तोच मसाला फळांच्या रसात. हे नाव स्पष्ट उच्चारा, दोन्ही पेयं दिसायला सारखीच लाल असतात आणि वासही तोच येतो. आमच्या गटातल्या एका सोवळ्या आजींनी एकदा अर्धा कप संपवून "काढा फार गुणकारी आहे हो" असं म्हटलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पेय चिनीमातीच्या मगात देतात आणि मगाचे तीन ते पाच युरो अनामत म्हणून जास्त घेतात. याला फांट म्हणतात. मग परत केलात की पैसे परत. आवडला तर ठेवून घ्या, त्यावर शहराचं चित्र असतं आणि बऱ्याचदा साल असतं, आणि याहून स्वस्त आठवणवस्तू त्या अख्ख्या बाजारात मिळत नाही. पण ठेवायचा मग तुमच्या हातातला नको, शेवटी काउंटरवर एक कोरडा स्वच्छ मागून घ्या, देतात.

रोख पैसे लागतात, कार्ड न घेणारी दुकानं अजून भरपूर आहेत. सुट्टी नाणी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा. ती खरी लागतात स्वच्छतागृहासाठी. थंडी आणि गरम पेय यांचा परिणाम तासाभरात दिसतो आणि बाजारातल्या रांगा लांब असतात. मी गटाला जवळच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर नेते, तिथे ऊबही मिळते.

थंडीबद्दल लोक उगाच स्वेटरांवर खर्च करतात. तापमान शून्य ते पाच अंशांच्या आसपास असतं, कधी उणे. बर्फ पडेलच असं नाही, रिपरिप पाऊस पडण्याची शक्यता जास्त. अंगात थर्मल, वर लोकरी, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट एवढं पुरतं. दुकानात शिरलात की आत पंचवीस अंश, तेव्हा चेन उघडून मोकळं होता आलं पाहिजे. खरी थंडी खालून येते. शतकानुशतकांची दगडी फरशी बुटाच्या तळव्यातून गारवा चढवते आणि अर्ध्या तासात गुडघे दुखायला लागतात. दुकानदारांकडे बघा, प्रत्येक जण लाकडी फळीवर उभा असतो. म्हणून बूट जाड तळव्याचे आणि नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या. लोकरी मोजा घालून बोटं आत हलली पाहिजेत, घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की पाय जास्त गारठतात. सासूबाईंचे बूट ठाण्यातच आणून महिनाभर रोज संध्याकाळी घालून चालायला लावा. साडीच नेसायची असेल तर आत थर्मल आणि वर लांब कोट, काही अडत नाही. फक्त निऱ्या जरा वर, ओल्या फरशीवर काठ भिजले की थंडी पायांतून वर चढते.

ड्रेस्डेन मी चार दिवस का म्हणते ते सांगते. इथला श्ट्रीत्सेलमार्क्ट हा बाजार १४३४ सालचा. सुरुवात झाली ती एका दिवसाच्या मांसाच्या बाजारापासून, सणाच्या जेवणासाठी. श्ट्रीत्सेल हे श्टोलन या केकसारख्या पावाचं जुनं नाव. तो लांबट, वर पांढरी पिठीसाखर, कपड्यात गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा दिसतो असं म्हणतात. गंमत अशी की ॲडव्हेंट हा उपासाचा काळ होता, आणि उपासाला लोणी वर्ज्य. तेलात केलेला पाव कोणाला आवडणार? ड्रेस्डेन ज्या प्रांतात आहे त्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे विनवण्या केल्या आणि १४९१ मध्ये परवानगीचं पत्र आलं. त्याला चक्क "लोणीपत्र" म्हणतात. उपासाला काय चालतं यावर एवढा पत्रव्यवहार झालेला पाहून आपल्या साबुदाण्याच्या वादांबद्दल मला जरा बरं वाटलं. आज पिठाच्या निम्म्याहून कमी लोणी असेल तर त्याला ड्रेस्डेनचा श्टोलन म्हणता येत नाही. सोनेरी मोहोर बघून घ्या. त्यात अंडं सहसा नसतं, पण बेदाणे रममध्ये भिजवतात. सासूबाईंसाठी "ओने आल्कोहोल" मागा, काही बेकऱ्यांत मिळतो. घरी नेलात तर टोकाकडून कापू नका. मधोमध कापून हवे तेवढे काप काढायचे आणि दोन्ही अर्धे परत एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे आतून कोरडा पडत नाही. आठवडे टिकतो.

दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आदल्या शनिवारी तिथे काही टन वजनाचा श्टोलन मिरवत आणतात आणि तलवारीएवढ्या सुरीनं कापतात. बघण्यासारखं आहे, पण गर्दी दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते तशी. तुमचा शनिवार तिथे आला तर नवरा आणि मुलगा जाऊ देत, तुम्ही दोघी नॉयमार्क्ट या चौकातलं फ्राउएनकिर्ख बघा. नाव न्यूरेंबर्गच्या चर्चचंच, पण हे वेगळं. १९४५ च्या फेब्रुवारीतल्या बॉम्बवर्षावात कोसळलेलं हे चर्च जुने दगड वापरून उभारलं आणि २००५ मध्ये पुन्हा उघडलं. भिंतीतले काळे दगड जुने, फिकट दगड नवे. आत बाक आहेत, ऊब आहे, बसायचे पैसे पडत नाहीत. तासभर दुखऱ्या गुडघ्यांना याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आणि एक पूर्ण दिवस एर्त्सगेबिर्ग डोंगरातल्या झाइफेन गावासाठी ठेवा. ड्रेस्डेनच्या बाजारात जी लाकडी खेळणी दिसतात, अक्रोड फोडणारे शिपाई, तोंडातून धूप सोडणारे म्हातारे, ती या गावातून येतात. हा खाणींचा मुलूख. खाणी आटल्या तसे खाणकामगार लाकूड कातायला लागले. दिवसाउजेडी जमिनीखाली असणाऱ्या माणसांना उजेडाची ओढ, म्हणून इथल्या खिडक्याखिडक्यांत दिव्यांच्या लाकडी कमानी असतात. जुन्या रीतीप्रमाणे घरात जितके मुलगे तितके लाकडी खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूत खिडकीत ठेवायच्या, हातात मेणबत्ती धरलेल्या.

तिथल्या खुल्या संग्रहालयात एक कातारी काम करून दाखवतो. स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची चकती कातकामाच्या यंत्रावर फिरत असते. तो पटाशीनं आत-बाहेर खाचा पाडत जातो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही, टायरसारखं एक लाकडी कडं तयार होतं. मग तो ते उतरवतो, सुरी लावतो, वर हातोडीचा ठोका मारतो आणि केकच्या तुकड्यासारखा एक काप पाडतो. काप आडवा धरला की घोडा! पाय, मान, शेपटी, सगळं. एका कड्यातून डझनांनी घोडे निघतात. आमच्या गटातल्या एका सावंतवाडीच्या आजोबांनी आयुष्यभर लाकडी फळं कातलेली होती. ते त्या माणसाजवळ गेले, पटाशी हातात घेऊन धार अंगठ्यावर बघितली आणि मान हलवून परत दिली. दोघं वीस मिनिटं बोलत होते, एक मालवणीत आणि एक सॅक्सन जर्मनमध्ये. मला कोणी भाषांतर करायला बोलावलं नाही.

खरेदीत एवढंच बघा की तळाशी एर्त्सगेबिर्गचं नाव आहे का. शेजारच्या स्टॉलवर अगदी तशाच दिसणाऱ्या पण निम्म्या किमतीच्या बाहुल्या असतील, त्या लांबून आलेल्या असतात. मेणबत्त्यांच्या उष्णतेनं पंखा फिरणारा लाकडी मनोरा घ्यायचा मोह होईल. घ्या, पण बरोबर त्याच्या मापाच्या मेणबत्त्यांचे दोन खोकेही घ्या, आपल्याकडच्या त्या भोकात बसत नाहीत. आणि घरी लावताना छताचा पंखा बंद करा, नाहीतर मेणबत्त्या विझतात आणि "बिघडलेला दिला" म्हणून मला फोन येतात. हलवलं की आतल्या पाण्यात बर्फ भुरभुरतो ते काचेचे गोळे हातसामानात नेऊ नका. मोठ्या गोळ्यांत शंभर मिलीहून जास्त पाणी असतं, विमानतळावर काढून घेऊ शकतात आणि मूल रडतं.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मनात असेलच. बर्लिनला २०१६ मध्ये आणि माग्देबुर्गला २०२४ मध्ये बाजारात गाडी घुसवून माणसं मारली गेली. आता प्रवेशाला सिमेंटचे ठोकळे आणि पोलीस दिसतात, पिशव्या तपासतात. पाठीवर मोठी सॅक नको. मुलाच्या जाकिटाच्या आतल्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक बाजारात शिरल्याबरोबर चुकलं तर भेटायची जागा ठरवा. न्यूरेंबर्गला चौकातल्या सोनेरी उंच कारंज्याचा कठडा मी ठरवते, ते कारंजं कुठूनही दिसतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर मुंबईत तारीख मिळणार नाही, गणपतीच्या आधीच घ्या. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रागहून परत निघालात तरी मुक्काम जर्मनीत जास्त आहेत, तेव्हा जर्मनीकडेच.

राहिला मुलाचा कंटाळा. शक्य असेल तर ५ डिसेंबरची रात्र जर्मनीत घालवा. त्या रात्री मुलं दाराबाहेर बूट ठेवतात आणि सकाळी संत निकोलस त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट टाकून गेलेला असतो. हॉटेलच्या काउंटरवर संध्याकाळी मुलाच्या नकळत सांगून ठेवा, काही ठिकाणी तेच करतात, नाहीतर तुम्ही बाजारातून आणलेलं पहाटे चारला उठून टाका, त्या वेळी तुम्ही जागेच असाल. बूट मात्र आधी त्याच्याकडून घासूनपुसून घ्या. निकोलस मळक्या बुटात काही टाकत नाही.